हिवराखालची रिकामी जागा

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, आणि ती गेली. मुलांना सांगितलं नाही. ती आता माझ्याहून शहाणी झाली आहेत. देवापुढे बसून सांगावं म्हटलं, तर देव मी स्वतःच इतके रंगवले आहेत की त्यांच्यापुढे मन मोकळं होत नाही. राहता राहिलात तुम्ही. तुमची-माझी ओळख नाही, हे एका परीनं बरंच आहे. ओळखीच्या माणसाला सांगताना मी नक्की काहीतरी सावरून घेतलं असतं. सावरून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही — ते कसं, ते पुढे कळेलच.

सुरुवात कुठून करू? चित्रापासूनच करतो. जे काही झालं ते त्याच्यापायीच झालं.

चित्र मोठं नव्हतं. मांडीवर मावेल एवढा विलायती कागद. संध्याकाळची वेळ. खाली आपली वऱ्हाडची काळी जमीन, अगदी जवळ कपाशीची चार-सहा झाडं, बोंडं फुटलेली. मधून एक नाला वळलेला. वळणावर बाभळीसारखा काटेरी, दोन खोडांचा हिवर, आणि फार लांब, दिसेल न दिसेल अशी मेळघाटाची निळी रेघ. हिवराखाली वाळल्या गवताची मोकळी जागा, तिच्यावर उतरतं ऊन. बस. माणूस नाही, जनावर नाही, धूर नाही. नाल्याच्या काठाला एक टिटवी, तीही उभी, उडणारी नाही.

हे चित्र मी काढलं. आणि जो कोणी ते पाही, त्याची नजर त्या हिवराखालच्या मोकळ्या जागेवर येऊन थांबे. एक मडम म्हणाली होती, ही जागा कुणाची तरी वाट पाहते आहे. एका पाद्र्याला तिथं देवाचा वास दिसला. कचेरीतले एक वृद्ध कारकून चष्मा वर करून म्हणाले, हे वैराग्य आहे. मी हात जोडून उभा असे आणि मनात फुगत असे. वैराग्य! वैराग्य कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. त्या गवताखाली काय आहे, तेवढं मात्र ठाऊक होतं.

थांबा. मी घाई करतो आहे. आणि घाई करून मधलं काहीतरी गाळून टाकण्याची मला जुनी खोड आहे.

आमचं घराणं पातूरचं, चिताऱ्याचं. वडील देवळांच्या भिंती रंगवत, लग्नघरांच्या दारांवर हत्ती-घोडे काढत. त्यांच्या भिंतीवर बोट ठेवायला जागा नसे. रिकामं दिसलं की त्यांचा जीव घाबरा होई. लगेच तिथं एखादी वेल, एखादा राघू. यजमानही तसलेच. भिंत जरा कोरी दिसली की म्हणत, चिताऱ्यानं काम अर्धं टाकलं. आणि काही चुकलं तर वडिलांचा एकच इलाज होता. खरवडत बसायचं नाही. डिंकात सफेदा घट्ट कालवायचा, चुकीवर जाड हात द्यायचा, वाळला की वरून नवं काढायचं. कुठल्या मारुतीच्या पोटाखाली कुणाचे हातपाय दडले आहेत, ते आम्हा बापलेकांनाच माहीत असे. आम्ही त्यावर पोट धरून हसायचो.

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली आणि इथं कापसाला असा भाव आला, की माणसं वेडी व्हायचीच काय ती बाकी राहिली. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना इतका कापूस अडकलेला असे, की झाडं पिकल्या केसांची दिसत. जन्मात नवं धोतर न पाहिलेले लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. नांगर शिरेल तिथं कपाशी. गुरांची कुरणं गेली, पांदणीच्या कडा गेल्या. आणि नव्या पैशानं नवी घरं, नव्या घरांना नव्या भिंती. मला काम उदंड झालं. तेव्हा मी ऐन विशीत होतो आणि स्वतःला फार समजत होतो.

असाच एका व्यापाऱ्याची बैठक रंगवत असताना मोजणीचा साहेब तिथं आला. जमीन कुणाच्या नावावर लावायची हे त्या काळात नव्यानं ठरत होतं. साखळ्या घेऊन माणसं शिवाराशिवारांतून हिंडत, आणि वाद निघाला की निवाडा या साहेबाकडे. माणूस रागीट नव्हता. मराठी बोले, अडखळत, पण नीट. त्याला चित्रांचं वेड होतं. माझा हात पाहून त्यानं मला आपल्याकडे ठेवून घेतलं. नकाशे साफ उतरवायचे, त्याचे रंग घोटायचे, आणि त्याला सवड असली की शिकायचं.

काय शिकवलं त्यानं? दूर म्हणजे काय, ते शिकवलं. आमच्या भिंतींवर सगळं जवळच असे. आणि रिकामं सोडायला शिकवलं. कागदाचा पांढरा तोच उजेड, त्याला हात लावायचा नाही. पाण्याचा रंग पातळ; खालची रेघ वर दिसते, खालचा डाग वर दिसतो. चुकलं तर कागद फाडायचा आणि नवा घ्यायचा. ‘या रंगात खोटं लपत नाही,’ असं तो मोठ्या अभिमानानं सांगे. मी मान डोलवी. वडिलांचा सफेदा माझ्या पेटीत तळाशी होताच, पण ते त्याला कशाला सांगा?

पुढच्या साली तो मायदेशी जाणार होता. जाताना त्याला वऱ्हाडची शांतता बरोबर न्यायची होती — हाच शब्द त्यानं वापरला. एकच चित्र, पण शांत. जागा तू निवड, म्हणाला. ते चांगलं उतरलं, तर मुंबईला चित्रकला शिकवतात तिथं तो माझ्यासाठी शब्द टाकणार होता. मी रात्रंदिवस मुंबई बघू लागलो.

जागा मी भातकुलीच्या वाटेवरची निवडली. गावाचं नाव राहू द्या. नाल्याचं वळण होतं, हिवर होता, उजेड असा तिरपा यायचा की हातातलं काम सोडून बघत बसावं. आणि हिवराखाली माळ्याची बाडी होती. बाडी म्हणजे विहिरीच्या पाण्यावरचा भाजीपाल्याचा लहानसा तुकडा. कच्ची विहीर, तिच्यावर मोट, कांद्याचे वाफे, वांगी, वालाचा मांडव, आणि पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाची सारवलेली झोपडी. तिथं गयाबाई राहायची आणि तिचा म्हातारा सासरा. नवरा पटकीत गेला होता. तिन्ही बाजूंनी पाटलाची कपाशी अगदी धुऱ्याला, बांधाला भिडली होती, पण बाडीत कापसाचं एक झाड नव्हतं. मी कारण विचारलं तर गयाबाई म्हणाली, ‘कापूस खाता येते का भाऊ? वांगं खाता येते.’

गयाबाई बोलकी. नुसती बोलकी म्हणून भागायचं नाही. तिचं तोंड मोटेच्या चाकासारखं, बंद पडलं तर काहीतरी बिघडलं समजावं. मी तिच्या धुऱ्यावर बसून कागदावर मान घालायचो आणि ती वाफ्यातून बोलत राहायची. गोगलगायींबद्दल, बाजारातल्या ठगांबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल. मी तिच्या विहिरीचं पाणी प्यायलो. माझे रंगही त्याच पाण्यात भिजत होते. दुपारी ती न विचारता भाकरी आणि कांद्याची पात पुढ्यात ठेवी. पैसे देऊ केले तर चिडली.

‘मले काढसान ना यात?’ एक दिवस तिनं विचारलं. मी म्हटलं, काढीन की. ‘बुढ्यालेबी काढा. थो आता काई लय दिस नाई राहत. चित्तरात तरी राहीन.’

आणि मी काढलं. अगदी खरं सांगतो, काढलं. म्हातारा मोटेच्या धावेवर बैलांमागे उभा. झोपडीच्या छपरातून निघालेला धूर. कांद्याच्या वाफ्यात ओणवी गयाबाई, लुगडं तांबडं. तिला दाखवलं. ती किती तरी वेळ गप्प राहिली. ती, आणि गप्प! मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, ‘बाप्पा! आमी तं असे हाव.’ म्हाताऱ्याला काही दिसत नव्हतं फारसं, पण त्यानंही कागदाला हात जोडले.

कागद घेऊन मी बिऱ्हाडी आलो. भिंतीला टेकवला, मागं सरून पाहिलं.

मला ते आवडलं नाही.

का आवडलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे, की उत्तर आता पाठ झालंय. चित्र वाईट नव्हतं. पण ते शांत नव्हतं. डोळा सारखा त्या धुराकडे जाई, त्या तांबड्या लुगड्याकडे जाई. चित्र बोलत होतं, तिच्यासारखंच, थांबायचं नावच नाही. साहेबाला शांतता हवी होती. मला मुंबई हवी होती. खरं तर कागद बाजूला ठेवून नवा घ्यायचा, दुसरी जागा शोधायची. पण तो हिवर! तो उजेड पुन्हा कुठून आणू? असा हात एकदाच लागतो, हे चिताऱ्याला कळतं.

मी पेटीच्या तळातून सफेदा काढला. डिंक, सफेदा, थोडी पिवळी हरताळ, चिमूटभर गेरू — वाळल्या गवताचा रंग अगदी हुबेहूब जमला. आधी धूर घालवला. मग झोपडी, मग मांडव, विहीर, मोट, बैल, म्हातारा. गयाबाईला सगळ्यांत शेवटी. वाळल्यावर वरून पातळ पाण्याचा हात असा फिरवला, की कुणाला वाटावं, इथं कागदाशिवाय काही नव्हतंच. सांज व्हायच्या आत सगळं आटपलं.

मागं सरून पाहिलं, तर चित्र एकदम गप्प झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं. हे सांगायलाच हवं, की मला जराही वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

साहेबानं चित्र पाहिलं आणि खुर्चीतून उठला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला — साहेबाचा हात, माझ्या खांद्यावर! — आणि म्हणाला, हेच, हेच मला इथं येऊन दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. चित्र काचेत न बसवता त्यानं तसंच चौकटीत घालून बंगल्याच्या दिवाणखान्यात लावलं. पाहुण्यांना दाखवी. मग ती मडम, तो पाद्री, ते कारकून. ज्याला त्याला त्या मोकळ्या जागेत आपापलं काहीतरी सापडत होतं. मी कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांचे अर्थ गोळा करत होतो आणि हळूहळू मलाही खरं वाटू लागलं होतं, की मी काही झाकलेलं नाही. मी काहीतरी ओळखलं आहे.

उन्हाळ्यात गयाबाईची झोपडी जळली.

पाटलाच्या माणसांनी शेतातल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, ठिणगी उडाली म्हणे. उडाली की उडवली, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं आणि बोलणारा कुणी नव्हता. सासरा-सून गावात कुणाच्या गोठ्यात जाऊन राहिली. तेवढ्यात विहिरीत माती पडली आणि बाडीवरून नांगर फिरला. कच्ची विहीर ती, बुजवायला कितीसा वेळ लागणार? कपाशीच्या सलग पट्ट्यात पाटलाला तो तुकडा खुपत होताच. त्यानं तो नाहीसा केला. त्याला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू? क्रम पाहिला तर आधी मी, मग तो.

पेरणीच्या तोंडाशी वाद साहेबापुढे आला. पाटलाचं म्हणणं सरळ होतं: तिथं कुणी कधी राहतच नव्हतं, जमीन पहिल्यापासून आमची, ही माणसं कुणीतरी शिकवून पाठवली आहेत. गावातून जे साक्षीला आले ते पाटलाच्याच गाडीतून आले. साहेबानं माणूस पाठवून पाहिलं होतं. नांगरलेली जमीन, दुसरं काही नाही. गयाबाईजवळ कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. काय होतं तिच्याजवळ? जागा कुठं होती ते सांगता येत होतं, तेवढंच. म्हातारा कापऱ्या आवाजात सांगू लागला — नाल्याचं वळण, वळणावर हिवर, हिवराला दोन खोडं.

साहेबानं मान वर केली. दोन खोडांचा हिवर? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नकाशांच्या मेजाशी उभा होतो. तोवर गयाबाईचं लक्ष माझ्याकडे गेलं नव्हतं. साहेबाच्या नजरेमागून तिची नजर आली, आणि ती अशी हरखली, की मला आजही ते तोंड नको वाटतं.

‘हेच थे भाऊ! यायनंच काढलं मायं घर! मायासमोर काढलं साहेब, इचारा यायले!’

साहेब सगळ्यांना दिवाणखान्यात घेऊन गेला. त्याचा चेहरा खुलला होता. त्याला न्याय करायचा होता हो, मनापासून करायचा होता, आणि पुरावा त्याच्याच भिंतीवर निघाला होता. गयाबाई पुढं झाली. नाक लागेल इतकी जवळ गेली. हिवर ओळखला आणि हसली. मग तिचं बोट चौकटीपासून चार अंगुळं दूर, हवेतच, हिवराखाली फिरायला लागलं. इकडून तिकडे गेलं, पुन्हा इकडे आलं. म्हातारा मागून विचारत होता, ‘दिसलं का व? दिसलं का?’ मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं —

‘भाऊ, आमी कुठी हाव यात?’

साहेबानंही मलाच विचारलं. तू काढलंस, तेव्हा तिथं घर होतं का?

मी चित्रापासून हातभर अंतरावर होतो. काही बोलायचीही गरज नव्हती. विलायती कागदावर आमचा सफेदा नीट धरत नाही. नख लावलं असतं तरी पापुद्रा निघाला असता आणि खालून तांबडं लुगडं वर आलं असतं. एवढंच करायचं होतं. पाटील घाम पुसत होता. साहेब वाट पाहत होता. ती तर खात्रीनं वाट पाहत होती, कारण तिनं स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःला त्या कागदावर पाहिलं होतं.

मी म्हणालो, ‘जे दिसलं थे काढलं, साहेब.’

तुम्ही म्हणाल, पाटलाला भ्यायला असेल. तसं असतं तर मी तुमच्यासमोर जरा ताठ बसलो असतो. पाटलाची मला कसली भीती? मी साहेबाचा माणूस. मी भ्यायलो ते साहेबाच्या डोळ्यांना. नख लावताच त्या डोळ्यांत माझं काय झालं असतं? तो म्हणाला असता, म्हणजे ही शांतता खोटी? हे तू झाकलंस? मडम, पाद्री, वैराग्य, खांद्यावरचा हात — सगळं एका पापुद्र्याबरोबर खाली पडलं असतं. एका बाईचं घर एका पारड्यात आणि दुसऱ्यात माझं चांगलं चित्र. मला तोलायलासुद्धा वेळ लागला नाही. उत्तर तोंडातून इतकं सहज आलं, की ते जणू आधीपासून तयार होतं.

साहेबाला वाईट वाटलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, पाण्याचा रंग लपवत नाही. मग बाहेर जाऊन त्यानं जमीन पाटलाच्या नावावर लावली. गयाबाई ओरडली नाही. ती पुन्हा एकदा चित्राकडे पाहत राहिली, मग म्हाताऱ्याचा हात धरून पायऱ्या उतरली. म्हातारा पावसाळ्यात त्याच गोठ्यात मेला. ती रेल्वेच्या मातीकामावर गेली, बडनेऱ्याकडे, पाट्या वाहायला, असं कानावर आलं. मी जाऊन पाहिलं नाही.

साहेब मायदेशी गेला, चित्र घेऊन. मुंबईला शब्द टाकायचं विसरला. आठवण करून द्यायची मला हिंमत झाली नाही, पण त्याचं दुःख मात्र मी वर्षानुवर्षं केलं, आणि लोक माझी कीवही करत. चांगला हात होता बिचाऱ्याचा, संधी हुकली. हे ऐकायला मला गोड लागे. आणि एक झालं. त्या चित्राची कीर्ती व्यापाऱ्यांत पोचली होती. साहेबाच्या बंगल्यात होतं तसं, शांत, आमच्या बैठकीत काढून दे! अमरावतीत काढलं, अकोल्यात काढलं. किती भिंतींवर तो हिवर आहे, मला आता सांगता यायचं नाही. आणि एकाही भिंतीवर मी झोपडी काढली नाही. आता कोण अडवत होतं? साहेब नव्हता, निवाडा नव्हता. भिंतीचा मालक फार तर म्हणाला असता, ही बाई कोण? काढता आली असती. नाही काढली. रिकाम्या जागेला भाव होता.

इथवरचं मी मनाशी तरी कधीमधी बोललो आहे. याच्या पुढचं मनाशीही बोललेलो नाही.

बरीच वर्षं गेली. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, शेंब्या विकल्या गेल्या. रेल्वे आली. पाटील मेला. अकोल्याच्या एका अडत्याला मोठी भिंत रंगवून हवी होती, आणि माझा हिवर आता हिवरासारखा येईना. काढून काढून त्याच्या फांद्या माझ्या हातच्या झाल्या होत्या. म्हणून मी ते झाड बघायला पुन्हा त्या गावी गेलो. दुसरं काही मनात नव्हतं. पश्चात्तापानं पाय तिकडे वळले, असं सांगता आलं असतं. वळले नव्हते.

कपाशी हिवराच्या बुंध्यापर्यंत आली होती. पहिल्या वेचणीचा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात: भरपूर फुटलेलं एक झाड बघायचं, त्याच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, कापूस दह्यासारखा पांढरा फुटू दे म्हणायचं, आणि मग ओटी बांधून वेचायला लागायचं. वेचणाऱ्या बायांतली जाणती बाई हे करते. त्या बायांत जाणती होती ती गयाबाई. पाटलाच्या मुलाच्या कपाशीत, रोजानं.

तिनं मला ओळखलं. ‘चितारीभाऊ ना तुमी?’ म्हणाली. शिवी नाही, शाप नाही. बसा म्हणाली. पळसाच्या पानावर प्रसादाचा दहीभात दिला, आणि मी तो खाल्ला. ती फार थोडं बोलत होती. मला वाटलं, वयानं असेल. बाकीच्या बाया पुढे गेल्या, तशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

‘भाऊ, एक इचारू? बुढा गेला तवापासून इचाराले कोनी नाई राह्यलं. मायं घर कुठी होतं, थे मले आता सापडत नाई. डोये मिटले का तुमचं थेच चित्तर दिसते. हिवर, गवत, अन् कोनीच नाई. बाया म्हनतेत, तुले सपन पडलं असन. मलेबी तसंच वाटून राह्यलं आता. तुमी तं रोज येत होते. खरं सांगा भाऊ, होतं ना आमचं घर अथी?’

तिला जमीन नको होती. साक्ष नको होती. मला कुणी धरून नेणार नव्हतं, कुणी माझं चित्र काढून घेणार नव्हतं. विचारणारी एकटी आणि ऐकणाराही मी एकटाच. एक ‘हो’ म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी तिला तिची झोपडी परत मिळाली असती, निदान डोळे मिटल्यावर तरी. पण ‘हो’ म्हटलं, की तिचा पुढचा प्रश्न काय असता? मग चित्रात का नव्हतं? — हाच ना? आणि तिच्या तोंडून तो ऐकायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यासाठी. फक्त तेवढ्यासाठी.

मी म्हणालो, ‘लय वर्सं झाली, बाई. मले नाई आठोत.’

तिनं मान हलवली. ‘हो, तुमाले तरी कसं आठवीन,’ असं म्हणाली, जणू मलाच बरं वाटावं म्हणून. मग ओटीचं फडकं कमरेला घट्ट बांधलं आणि बायांमागे कपाशीत शिरली. मी हिवर नीट पाहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन भिंत सुरू केली. भिंत चांगली झाली. गयाबाई त्यानंतर चार-पाच वर्षांनी वारली, असं मला कुणीसं सांगितलं.

झोपडी हिवराच्या उगवतीला होती. दार नाल्याकडे. दाराच्या डाव्या अंगाला वालाचा मांडव, उजव्या अंगाला पाण्याचा रांजण, आणि आत शिरताच समोर चूल. त्या दिवशी तिनं दहीभात ठेवला ते कपाशीचं झाड तिच्या चुलीच्या जागेवरच उगवलेलं होतं. ती माझ्याशी बोलत तिथंच बसली होती, आणि मला ते दिसत होतं.